संगणक-संरूपण संहितेचे बहुपरिवेशीय व्यवस्थापन व कार्यान्वयन : महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा, परीक्षा कक्ष, ग्रंथालय आणि कार्यालय येथील संगणकांची मांडणी बहुधा हाताने, एकेका यंत्रावर बसून केली जाते. त्यामुळे एकसारखे असावयास हवे असलेले संगणक कालांतराने परस्परांपासून भिन्न होत जातात. या भिन्नतेचा फटका अखेरीस विद्यार्थ्यास बसतो. संगणकाची अपेक्षित स्थिती लिखित संहितेच्या रूपात नोंदवून ती चाचणी, अध्यापन व परीक्षा अशा निरनिराळ्या परिवेशांत क्रमाने लागू करण्याची पद्धती गेल्या तीन दशकांत विकसित झाली आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीची मूलतत्त्वे, परिवेशांची रचना, कार्यान्वयनाचा क्रम आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : संरूपण, संहिता, परिवेश, विचलन, आवृत्ती-नियंत्रण, कार्यान्वयन.

१. प्रस्तावना

उल्हासनगरच्या कॅम्प १ मधून शहाड स्थानकाकडे जाताना या नगराच्या जन्माची खूण आजही दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ जी लष्करी छावणी उभारण्यात आली, तीत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. त्या एकाच नकाशाबरहुकूम बांधलेल्या होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे या बराकींत राहू लागली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची ‘उल्हासनगर’ म्हणून स्थापना झाली. पुढे प्रत्येक कुटुंबाने आपापल्या गरजेनुसार भिंत घातली, पोटमाळा काढला, ओटा वाढविला, दुकान थाटले. कोणताही बदल अकारण नव्हता. तथापि काही दशकांनंतर मूळ नकाशा हाती घेऊन एखाद्या बराकीत गेलेल्या माणसास त्या नकाशाचा उपयोग उरला नाही.

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत हीच प्रक्रिया दोन-तीन वर्षांत घडते. खरेदीच्या दिवशी चाळीस संगणक सर्वार्थाने सारखे असतात. मग एका प्राध्यापकास एका यंत्रावर नवी भाषाप्रणाली हवी असते, दुसऱ्या यंत्राची चकती बिघडते, तिसऱ्यावर विषाणूमुळे सर्व काही नव्याने बसवावे लागते. प्रत्येक दुरुस्ती त्या त्या वेळी योग्यच असते, परंतु ती कोठेही नोंदली जात नाही. संगणकशास्त्रात या हळूहळू होणाऱ्या फारकतीस ‘विचलन’ म्हणता येईल. बराकीतील बदल हा कुटुंबाच्या जगण्याचा भाग होता. प्रयोगशाळेतील विचलन मात्र कोणाच्याच इच्छेने घडलेले नसते.

याचा परिणाम कसा होतो हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, प्रयोगशाळेतील बहुतेक संगणकांवर पायथॉन भाषेची ३.१० ही आवृत्ती आहे, परंतु सतरा क्रमांकाच्या यंत्रावर दुरुस्तीच्या वेळी जुनी ३.८ बसविली गेली. ‘मॅच’ ही रचना २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासूनच उपलब्ध आहे. वर्षभर इतर यंत्रांवर सराव केलेली विद्यार्थिनी प्रात्यक्षिक परीक्षेत नेमकी सतराव्या यंत्रासमोर बसते. तिचा कार्यक्रम बिनचूक असूनही यंत्र व्याकरणदोष दाखविते. तिला आपलीच चूक वाटते. परीक्षकासही तसेच वाटण्याचा संभव असतो. गुणपत्रिकेवर जो अंक उमटतो, त्यात तिच्या ज्ञानाबरोबर यंत्राचे विचलनही मोजले गेलेले असते. म्हणून हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून मूल्यमापनाच्या न्याय्यतेचा आहे.

२. संरूपण-संहिता म्हणजे काय ?

संगणकावर कोणत्या प्रणाली असाव्यात, त्यांची आवृत्ती कोणती, कोणती खाती उघडलेली असावीत, जाळ्याशी संपर्क कसा असावा, या सर्वांच्या समुच्चयास ‘संरूपण’ (कॉन्फिगरेशन) असे म्हणता येईल. हे संरूपण यंत्रास वाचता येईल अशा मजकुरात लिहून ठेवले की ती संरूपण-संहिता होते.

या विचाराचा आरंभ १९९३ मध्ये ओस्लो येथे मार्क बर्जेस यांनी निर्माण केलेल्या ‘सीएफइंजिन’ या साधनापासून मानला जातो. त्यानंतर ल्यूक कॅनिस यांचे ‘पपेट’ (२००५), ‘शेफ’ (२००९) आणि मायकेल डीहान यांचे ‘अन्सिबल’ (२०१२) ही साधने पुढे आली. २०१५ मध्ये अन्सिबल ही कंपनी रेड हॅटने विकत घेतली. या साधनांच्या लेखनपद्धती भिन्न असल्या तरी त्यांमागील दोन तत्त्वे समान आहेत.

पहिले तत्त्व असे की, संहितेत कृतीऐवजी प्रामुख्याने स्थिती सांगितली जाते. ‘पायथॉन बसवा’ असा आदेश देण्याऐवजी ‘पायथॉन ३.१० असलेले असावे’ असे विधान केले जाते. ते असल्यास साधन काहीच करीत नाही, नसल्यास बसविते.

दुसरे तत्त्व पहिल्यातूनच निष्पन्न होते. तीच संहिता एकदा लागू केली काय किंवा दहा वेळा लागू केली काय, अंतिम स्थिती एकच राहिली पाहिजे. बीजगणितात या गुणधर्मासाठी ‘आयडेम्पोटंट’ ही संज्ञा बेंजामिन पर्स यांनी १८७० मध्ये योजिली. दिव्याचे साधे बटण पुन्हा पुन्हा दाबल्यास दिवा लागतो आणि विझतो. ‘दिवा लागलेला असावा’ हे विधान मात्र कितीही वेळा केले तरी दिवा लागलेलाच राहतो. या गुणधर्मामुळे संहिता निःशंकपणे पुन्हा चालविता येते आणि विचलन झालेले यंत्र मूळपदावर आणता येते.

अनेक महाविद्यालयांत एका संगणकाची संपूर्ण प्रतिकृती (इमेज) काढून ती इतरांवर उतरविण्याची प्रथा आहे. ती निरुपयोगी नाही. परंतु प्रतिकृती ही तयार पदार्थासारखी असते आणि संहिता ही पाककृतीसारखी. पदार्थ पाहून त्यात काय घातले आणि का घातले हे कळत नाही. एक जिन्नस बदलायचा तर सर्व पदार्थ पुन्हा करावा लागतो. शिवाय प्रतिकृती उतरविल्याच्या दुसऱ्या दिवसापासून विचलन पुन्हा सुरू होते.

३. परिवेशांची संकल्पना

संहिता लिहिली म्हणजे ती निर्दोष असते असे नाही. उलट, हाताने केलेली चूक एका यंत्रापुरती राहते, तर संहितेतील चूक काही मिनिटांत चाळीस यंत्रांवर पोहोचते. म्हणूनच संहिता एकाएकी सर्वत्र लागू न करता क्रमाक्रमाने अधिक जोखमीच्या ठिकाणी नेणे आवश्यक ठरते. या प्रत्येक ठिकाणास ‘परिवेश’ असे संबोधता येईल. महाविद्यालयाच्या संदर्भात पुढील चार परिवेश कल्पिता येतात.

अ) प्रयोग परिवेश : संहिता लिहिणाऱ्याच्या संगणकावरील एक आभासी यंत्र. येथे काहीही बिघडले तरी हानी नाही.

आ) चाचणी परिवेश : प्रयोगशाळेतील दोन-तीन प्रत्यक्ष संगणक. आभासी यंत्रात न दिसणारे दोष, जसे की जुना मुद्रक, कमी स्मृती किंवा मंद जाळे, येथे उघड होतात. म्हणून चाचणीसाठी सर्वांत नवे यंत्र न निवडता सर्वांत जुने निवडावे.

इ) अध्यापन परिवेश : दैनंदिन तासिकांसाठी वापरले जाणारे सर्व संगणक.

ई) परीक्षा परिवेश : तेच संगणक, परंतु महाजाल बंद, बाह्य साठवण-साधने बंद, स्वतंत्र परीक्षा-खाती आणि उत्तरे साठविण्याची निश्चित जागा.

शेवटच्या दोन परिवेशांचे नाते ध्यानात घेण्याजोगे आहे. यंत्रे तीच, भाषाप्रणाली त्याच; बदलतात ती केवळ काही मूल्ये. यावरूनच या पद्धतीचा मध्यवर्ती नियम सिद्ध होतो : संहिता सर्व परिवेशांत एकच असावी आणि परिवेशांमधील भेद केवळ विदेत असावा. परीक्षेसाठी निराळी संहिता लिहिली, तर वर्षभर जिची चाचणी झाली ती एक आणि परीक्षेच्या दिवशी जी चालते ती दुसरी, अशी अवस्था होते. आणि मग चाचणीचा हेतूच विफल ठरतो.

४. संहिता आणि विदा यांची फारकत

हा नियम पाळण्यासाठी विदेची थरांमध्ये मांडणी केली जाते. सर्वांत खालच्या थरात सर्व संगणकांना लागू असणारी मूल्ये, त्यावर परिवेशाची, त्यावर कक्षाची आणि सर्वांत वर विशिष्ट यंत्राची. एखादे मूल्य दोन थरांत आढळल्यास अधिक विशिष्ट थरातील मूल्य ग्राह्य धरले जाते. पपेटमध्ये ‘हायरा’ ही व्यवस्था हे काम करते. अन्सिबलमध्ये गटनिहाय व यंत्रनिहाय चलांच्या धारिका असतात. उल्हासनगरचा रहिवासी आपला पत्ता कॅम्प, सेक्शन आणि बराक क्रमांक अशा क्रमाने सांगतो. सामान्याकडून विशेषाकडे जाणारी तीच ही रीत होय.

उदाहरणार्थ, ‘महाजाल खुले असावे काय’ या प्रश्नाचे सर्वसामान्य थरातील उत्तर ‘होय’ असेल, तर परीक्षा परिवेशाच्या थरात ‘नाही’. संहितेत मात्र केवळ इतकेच लिहिलेले असते की, या मूल्याप्रमाणे जाळ्याचे द्वार उघडावे अथवा मिटावे. यंत्रनिहाय थर शक्य तितका रिकामा ठेवावा. तेथे नोंदी वाढू लागल्या म्हणजे विचलनाने संहितेतच शिरकाव केला असे समजावे.

गुप्त माहितीबाबत विशेष दक्षता हवी. परीक्षा-खात्यांचे परवलीचे शब्द उघड्या मजकुरात भांडारात ठेवू नयेत. अन्सिबलमधील ‘व्हॉल्ट’सारख्या सोयीने ते सांकेतिक रूपात ठेवता येतात. एकदा उघडा शब्द भांडारात गेला की नंतर पुसूनही तो जुन्या आवृत्त्यांत शिल्लक राहतो. अशा वेळी तो शब्द बदलणे हाच खरा उपाय होय.

५. भांडार, आवृत्ती आणि शाखा

संरूपण-संहिता ‘गिट’सारख्या आवृत्ती-नियंत्रण साधनात ठेवली जाते. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्मिलेल्या या साधनामुळे कोणता बदल, कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने केला याची नोंद आपोआप राहते. आपल्याकडे प्रयोगशाळा साहाय्यक पुष्कळदा कंत्राटी तत्त्वावर असतात. ते सोडून गेले म्हणजे प्रयोगशाळेचे सर्व ज्ञान त्यांच्यासमवेत जाते. बदलामागील कारण दोन वाक्यांत लिहून ठेवण्याची सवय ही येथे तंत्राहूनही अधिक मोलाची ठरते.

परिवेश आणि भांडार यांची सांगड घालण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत प्रत्येक परिवेशासाठी एक स्वतंत्र शाखा असते. पपेटच्या जगात ‘आर-टेन-के’ हे साधन भांडारातील प्रत्येक शाखेपासून त्याच नावाचा परिवेश तयार करते आणि बाहेरून घेतलेल्या घटकांच्या आवृत्त्या एका धारिकेत निश्चित केलेल्या असतात. नवी कल्पना नव्या शाखेत पडताळून पाहणे यामुळे फार सुकर होते. परंतु चाचणी शाखेतील बदल अध्यापन शाखेत विलीन करण्यास कोणी विसरले, किंवा घाईत थेट अध्यापन शाखेतच दुरुस्ती केली, तर शाखा परस्परांपासून दुरावतात. यंत्रांतील विचलन टाळावयास निघालो आणि शाखांत विचलन निर्माण केले, असा प्रकार होतो.

दुसऱ्या रीतीत मुख्य शाखा एकच असते. परिवेशांचे भेद विदेच्या निरनिराळ्या धारिकांत राहतात आणि सिद्ध झालेल्या आवृत्तीस खूण (टॅग) दिली जाते. प्रत्येक परिवेशात कोणती खूण लागू आहे एवढेच नोंदवावे लागते. दोन-तीन व्यक्तींच्या भरवशावर चालणाऱ्या महाविद्यालयीन व्यवस्थेस ही दुसरी रीत अधिक मानवेल असे प्रस्तुत लेखकास वाटते. अल्पजीवी शाखा काढाव्यात, काम होताच त्या मिटवाव्यात. दीर्घायुषी शाखा मात्र एकच असावी.

६. कार्यान्वयनाचा क्रम

एखादा बदल प्रत्यक्षात कसा उतरवावा याचा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल.

प्रथम प्रयोग परिवेशात संहिता दोनदा चालवावी. दुसऱ्या वेळी साधनाने ‘काहीही बदलले नाही’ असा अहवाल दिला पाहिजे. तसे न झाल्यास संहितेत दोष आहे. त्यानंतर सहकाऱ्याकडून तिचे वाचन करून घ्यावे. मग चाचणी यंत्रांवर आधी ‘कोरडी’ फेरी घ्यावी, म्हणजे काय बदलेल हे साधन केवळ सांगते, बदलत नाही. ही फेरी उपयुक्त असली तरी परिपूर्ण नसते. काही कृतींचा परिणाम त्या केल्यावाचून सांगता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष फेरी आणि तिच्यानंतर अभ्यासक्रमातील दोन-तीन प्रात्यक्षिके करून पाहणे अनिवार्य समजावे.

अध्यापन परिवेशातही सर्व यंत्रे एकदम न घेता आधी पाच, मग पंधरा, मग उर्वरित अशा तुकड्या कराव्यात. पहिल्या तुकडीत अपयश आल्यास पुढील तुकड्या आपोआप थांबतील अशी सोय साधनांत असते.

बदल यंत्रापर्यंत पोहोचविण्याचे दोन मार्ग आहेत. अन्सिबल साधारणतः मध्यवर्ती संगणकावरून बदल ‘ढकलते’. त्यासाठी सर्व यंत्रे त्या क्षणी चालू असावी लागतात. पपेटमध्ये प्रत्येक यंत्रावरील साहाय्यक घटक ठरावीक अंतराने, सामान्यतः दर अर्ध्या तासाने, मध्यवर्ती संगणकाकडून आपली अपेक्षित स्थिती ‘ओढून’ घेतो. जेथे वीज खंडित होते, जेथे तासिका संपताच यंत्रे बंद केली जातात, तेथे ढकलण्याच्या मार्गात काही यंत्रे हटकून मागे राहतात. अशा वेळी ओढण्याचा मार्ग (अन्सिबलमध्येही तशी सोय आहे) अधिक भरवशाचा ठरतो. कोणताही मार्ग पत्करला, तरी कोणती यंत्रे मागे राहिली याची यादी पाहिल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानू नये.

ही सूचना क्षुल्लक नाही. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार कंपनीने २०१२ मध्ये नवी संहिता आपल्या आठपैकी सात सेवासंगणकांवर बसविली. आठवा राहून गेला. १ ऑगस्ट रोजी बाजार उघडताच त्या आठव्यावरील जुनी, अडगळीत पडलेली आज्ञावली जागी झाली आणि सुमारे पाऊण तासात कंपनीचे चव्वेचाळीस कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. सतराव्या संगणकाची कथा आणि या आठव्या संगणकाची कथा तत्त्वतः एकच आहे.

परीक्षेपूर्वी किमान एक आठवडा सर्व बदल गोठवावेत. परीक्षा परिवेशात नवी आवृत्ती कधीही आणू नये. अध्यापनात रुळलेली, खूण दिलेली आवृत्तीच तेथे जावी.

७. मुंबई विद्यापीठातील २०१७ चा अनुभव

टप्प्याटप्प्याने जाण्याचे महत्त्व या परिसरातील प्राध्यापकांस निराळ्या संदर्भात अनुभवास आलेले आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन करण्याची पद्धती सर्व विद्याशाखांना एकाच वेळी लागू केली. उत्तरपत्रिकांची संख्या सतरा लाखांच्या घरात होती. निकाल रखडले, ३१ जुलैपर्यंत ते लावण्याची कुलपतींनी घालून दिलेली मुदत उलटली, अनेकांचे पुढील प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

तो प्रश्न संरूपण-संहितेचा नव्हता आणि त्याची कारणेही अनेकविध होती. तथापि त्यातून मिळणारा धडा प्रस्तुत विषयास लागू पडतो. एखादी व्यवस्था तत्त्वतः योग्य असणे आणि ती पूर्ण भारानिशी, पूर्ण व्याप्तीने, एकाच वेळी पेलली जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. लहान परिवेशात यश आल्यावाचून मोठ्या परिवेशात जाऊ नये, हा नियम विद्यापीठास जितका लागू, तितकाच चाळीस संगणकांच्या खोलीसही लागू आहे.

८. मर्यादा व दक्षता

या पद्धतीच्या मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा माघारीची. भांडारात मागील आवृत्तीकडे परतणे सोपे असते; यंत्र मात्र तितक्या सहज परतत नाही. संहितेतून ‘अमुक प्रणाली असावी’ हे वाक्य वगळले म्हणून यंत्रावरील ती प्रणाली नाहीशी होत नाही. त्यासाठी ‘ती नसावी’ असे स्पष्ट विधान करावे लागते. विद्यार्थ्यांच्या धारिका तर संहितेने परत मिळत नाहीत. त्यांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्याच लागतात.

दुसरी मर्यादा परिवेशांच्या सरमिसळीची. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील अभियंत्याने दुय्यम समजून मुख्य सेवासंगणकावरील विदा पुसली आणि सुमारे सहा तासांची विदा कायमची गमवावी लागली. आपण कोणत्या परिवेशात आहोत हे पडद्यावर ठळक रंगात दिसावे, आणि परीक्षा परिवेशासाठी स्वतंत्र प्रवेश-अधिकार असावा, हे दोन साधे उपाय येथे पुरेसे परिणामकारक ठरतात.

तिसरी मर्यादा मनुष्यबळाची. यांपैकी अन्सिबलसारखी साधने मुक्त स्वरूपात विनामूल्य उपलब्ध असली तरी ती शिकण्यास वेळ द्यावा लागतो. अन्सिबलचा नियंत्रक संगणक लिनक्स किंवा तत्सम युनिक्स-सदृश प्रणालीवर चालवावा लागतो. विंडोज यंत्रे त्याच्या आधीन ठेवता येतात, परंतु तयारी अधिक लागते. आरंभ लहान असावा : एक कक्ष, एक भाषाप्रणाली, एक धारिका.

या श्रमांचे फळ कोणते, असा प्रश्न विचारला जाईल. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी या नद्यांचे पाणी बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या वस्त्यांत शिरले होते. तळमजल्यावरील प्रयोगशाळा अशा पाण्यात गेली तर यंत्रे विम्यातून अथवा अनुदानातून पुन्हा मिळू शकतील. त्या यंत्रांवर काय, कसे आणि का बसविले होते हे ज्ञान मात्र विकत मिळत नाही. ते अन्यत्र ठेवलेल्या भांडारात असेल, तर नव्या यंत्रांवर तीच प्रयोगशाळा अल्पावधीत उभी राहू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपल्यानंतर अनेक संस्थांना जी स्थलांतरे करावी लागत आहेत, तीही या पद्धतीने अधिक निर्धास्तपणे करता येतील.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. संगणकाची अपेक्षित स्थिती लिखित असावी. ती लिहिणारी संहिता सर्व परिवेशांत एकच असून भेद केवळ विदेत असावेत. प्रत्येक बदल प्रयोग, चाचणी, अध्यापन आणि परीक्षा या क्रमानेच जावा. आणि मागे राहिलेल्या यंत्रांची यादी पाहिल्याशिवाय काम संपले असे समजू नये.

परीक्षा कक्षात विद्यार्थी कोणत्या यंत्रासमोर बसतो हे आसन क्रमांक ठरवितो. त्या योगायोगाचा त्याच्या गुणांवर परिणाम होऊ नये, एवढी हमी देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. प्रस्तुत पद्धती त्या कर्तव्यपूर्तीचे एक साधन होय. या आठवड्यात आपल्या प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्रावरील एकाच भाषाप्रणालीची आवृत्ती तपासून तिची यादी करावी. त्या यादीत जितके भिन्न अंक आढळतील, तितके आपल्या परीक्षा कक्षात आजवर दुर्लक्षित राहिलेले प्रश्न आहेत असे समजून कामास प्रारंभ करता येईल.